तीन अंशाला दोन क्विंटल

“वहिनी, ही शिट्टी वाजतीय तोवर काळजी न्हाई. वाजायची बंद झाली की मग मात्र काळजी करा.”

बक्षूमिस्त्री स्टुलावर उभा राहून हे म्हणाला, तेव्हा मी खाली ईश्वरीला खांद्यावर थोपटत उभी होते आणि मनातल्या मनात त्याला स्टुलासकट उचलून बाहेर रस्त्यावर ठेवत होते. कारण त्याची ती शिट्टी वाजल्यामुळे माझी नऊ महिन्यांची पोरगी सकाळपासून तिसऱ्यांदा जागी झाली होती.

“पण बंद कधी होते ती?” मी विचारलं.

“पोट भरलं की आपोआप गप बसती. पुन्हा कोल्ड रूमचं दार उघडून लावलं की पुन्हा वाजती. आत गरम हवा शिरती, ती गार झाली की आकसती, मग बाहेरची हवा या पायपातून आत येती. आता दाराला नवं रबर टाकलंय, तिकडनं मुंगी जायची न्हाई. सगळा श्वास या भोकातनंच. त्यात बोळा-बिळा घालू नका कुणी.”

“हो हो, माहितीये मला,” मी म्हणाले. “फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेय मी.”

“मग काय बोलायलाच नको,” मिस्त्री म्हणाला आणि स्टुलावरून उतरला.

बार्शीला आमच्या घराच्या मागच्या अंगाला आईस्क्रीमचा छोटा कारखाना आहे. म्हणजे एक मोठी पडवी, तिच्यात दूध आटवायची कढई, घुसळायचं मशीन, आणि टोकाला कोल्ड रूम. कोल्ड रूम म्हणजे जाड भिंतींची, बिनखिडक्यांची, एका खाटेपुरती खोली. बाहेर मे महिन्यात बेचाळीस असलं तरी आत उणे अठरा. आणि ईश्वरीची झोळी पडवीच्या तुळईला, कारण सगळ्या घरात वारा येतो तो तिथंच.

त्या दिवसांत मी नीट झोपून नऊ महिने झाले होते. झोप नसलेल्या माणसाला दोनच गोष्टी येतात, रडू आणि हसू, आणि दोन्ही कधीही येतात. मी एक वही सुरू केली होती. ‘दूध ६.४०. शी ७.१५, पिवळी. झोप ११.०५ ते ११.४५.’ ईश्वरी बरोबर चाळीस मिनिटं झोपायची. त्या चाळीस मिनिटांत मला जग जिंकायचं असायचं आणि मी पाचव्या मिनिटाला भिंतीला टेकून घोरायला लागायचे. तेवढ्यात कोणीतरी कोल्ड रूमचं दार लावायचं, आणि वर ती शिट्टी! आधी बारीक, मग लांब, रागावलेली. की झोळी हललीच.

मिस्त्री गेल्यावर चौथ्या दिवशी मी स्टूल घेतलं, धुतलेला एक लंगोट घट्ट पिळला आणि त्या पायपात बाहेरून कोंबला. अंगठ्यानं आत दाबला. वरून आणखी दाबला.

मला सगळं माहीत होतं, हे मला इथं लिहून ठेवायचंय. गरम हवा बंद जागेत गार झाली की दाब उतरतो, हे मी परीक्षेत आठ मार्कांना लिहिलं होतं. काचेचा गोळा, पाण्याचं पातेलं, पाऱ्याची नळी, हा प्रयोग मी स्वतःच्या हातानं केला होता आणि आलेख सरळ रेषेत आला म्हणून सरांनी वही वर्गात फिरवली होती. पण तो प्रयोग होता. हा लंगोट होता.

त्या दिवशी ईश्वरी एक तास दहा मिनिटं झोपली. मी वहीत त्या आकड्याभोवती फुलं काढली.

आता आमच्या आईंचं सांगते. आई म्हणजे माझ्या सासूबाई, महादेवी. तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या. कमरेला पदर खोचून चाळीस लिटरची कढई एकट्या हलवणाऱ्या. बोलणं कमी, आणि जे बोलतील ते जिरं-मोहरी टाकून. साखर बॉर्डरवर आली म्हणून डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. आणि माझ्या असं लक्षात आलं होतं, की आई दिवसातून चार-पाच वेळा कोल्ड रूममध्ये जातात, एकट्या, आणि दहा-दहा मिनिटं बाहेर येत नाहीत.

मी नजर ठेवणारी बाई आहे. नवरा म्हणतो, तू पोलिसात जायला हवं होतंस. वहीत ईश्वरीच्या नोंदींच्या शेजारी मी लिहायला लागले होते: ‘आई आत १०.२०, बाहेर १०.३१. हात रिकामे.’ ‘आई आत ४.०५, बाहेर ४.१४. तोंड पुसत.’ तोंड पुसत! माझी खात्री पटली. सीताफळाचे कप. म्हातारपणी साखर वाढवून घेणार आणि मग मलाच इंजेक्शनं द्यायला लावणार.

लंगोट कोंबला त्याच्या तिसऱ्या दिवशी अमावास्या होती. आमच्याकडे दर अमावास्येला कोल्ड रूम बंद करून धुतात. सगळा माल शेजारच्या डेअरीच्या फ्रीजरमध्ये हलवायचा, बर्फ वितळू द्यायचा, क्रेट बाहेर उन्हात घालायचे, भिंती सोड्याच्या पाण्यानं पुसायच्या, दार दोन तास सताड उघडं ठेवायचं. मग खोली गार करायच्या मशीनला हळदीकुंकू, अगरबत्ती. आणि मशीन सुरू केलं की आईंनी पहिल्यांदा आत एक तांब्याभर पाणी ठेवायचं. दुसरं काही नाही. तांब्यातलं पाणी गोठलं की खोली तयार. थर्मामीटर असतो भिंतीवर, चांगला तबकडीचा, पण आई तांब्यालाच विचारणार.

दोन दिवसांवर एका लग्नाची अकराशे कपांची ऑर्डर होती. अप्पा, म्हणजे माझे सासरे, आणि माझा नवरा मल्लिनाथ साखर आणि रिकामे कप आणायला टेम्पो घेऊन कुर्डुवाडीला गेलेले. कामाला येणाऱ्या दोघी बायका अमावास्येच्या सुट्टीवर. पडवीत मी, आई, मंद आचेवर चाळीस लिटर दूध, आणि झोळीत ईश्वरी. अकरा वाजून पाच मिनिटांनी ती झोपली. मी वहीत लिहिलं.

अकरा वीसला आईंनी मशीनचं बटण दाबलं, कुंकू लावलं, तांब्या उचलला, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

शिट्टी वाजली नाही. मी खूश.

एक मिनिट गेलं. दोन. तीन. तांब्या ठेवायला किती वेळ लागतो? आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खोली रिकामी होती! आज आत सीताफळाचा कप काय, कपाचं झाकणसुद्धा नव्हतं. मग त्या आत करत काय होत्या?

मी दुधाची आच आणखी बारीक केली, झोळीत डोकावले, चपला बाहेर काढल्या आणि चोरपावलांनी जाऊन दार ओढलं. थोडं जड गेलं. नवं रबर, मी म्हटलं. हिसका दिला, ‘फस्’ झालं, आत शिरले, आणि सवयीनं दार पाठीमागं लावून घेतलं. थंडी बाहेर सांडू नये म्हणून. आमच्या घरात कोल्ड रूमचं दार उघडं टाकणं म्हणजे शिवी दिल्यासारखं आहे.

आई कोपऱ्यात पंख्याच्या झोताखाली भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. पदर खांद्यावरून खाली. दचकल्या आणि झटकन पदर ओढून घेतला.

“काय गं? कशाला आलीस?”

“तुम्ही काय करताय?”

“तांब्या ठेवायले.”

तांब्या त्यांच्या पायाशी होता.

“तो तर ठेवून झाला.”

“मग गोठायची वाट बघायले,” आई म्हणाल्या. “तुला काय करायचंय? पोर एकटी हाय बाहेर. जा.”

“गोठायला चार तास लागतात, आई.”

“मला घाई न्हाई.”

अशी आमची पाच-सात मिनिटं हुज्जत चालली. मी साखरेवर आले, डॉक्टरांवर आले. आई म्हणाल्या, “माझ्या तोंडाचा वास घेतीस का?” आणि खरंच तोंड पुढं केलं. मी खरंच घेतला. जिऱ्याचा वास होता. मग माझ्या अंगावर काटा आला, कारण पंख्यातून आता चांगलीच गार हवा येत होती. मी म्हणाले, “बरं, राहिलं, चला बाहेर,” आणि दाराचा दांडा दाबला.

आतून दार उघडायला एक दांडा असतो. तो दाबला की बाहेरची कडी सुटते आणि दार बाहेरच्या बाजूला उघडतं. दांडा दबला. कडी सुटल्याचा ‘खट्’ आवाज आला. दार जागचं हललं नाही.

“ढकल की,” आई म्हणाल्या. “जेवली न्हाईस का?”

मी खांदा लावला. मग आईंनी खांदा लावला, तोच, कढईवाला. मग दोघींनी एक-दोन-तीन म्हणून. दार म्हणजे भिंतच.

“बाहेरून कुणी लावलं का काय?”

“कोण लावणार? कडी तर सुटलीय.” आणि हे म्हणता म्हणता माझं लक्ष थर्मामीटरवर गेलं. आई आत आल्या तेव्हा खोलीत अडतीस असणार, बाहेरच्या पडवीसारखंच. आता सव्वीस. आणि मला तो काचेचा गोळा दिसला. पाण्याचं पातेलं. खाली खाली येणारा पारा. सरळ रेषा.

“अगं बाई,” मी म्हणाले.

“काय झालं?”

“आई, बाहेर हवा दार दाबून बसलीय.”

आई माझ्याकडं बघत राहिल्या. “हवा?”

“म्हणजे आतली हवा गार झाली. रोज दारातून थोडीशीच गरम हवा शिरते, आज अख्खी खोलीच गरम होती. खोली तेवढीच आहे, ती काही लहान होत नाही. मग आतला जोर कमी होतो. बाहेरचा तेवढाच राहतो. आणि दार केवढं मोठं आहे! आत शंभरातला एक भाग जरी जोर कमी झाला, तरी एवढ्या दारावर… थांबा.” मी बोटावर हिशेब केला. मला हसू यायला लागलं होतं, ते चुकीचं हसू, झोप नसलेल्या माणसाचं. “दोन क्विंटल.”

“दोन क्विंटल?”

“ज्वारीची दोन पोती रेलून ठेवल्यासारखी. आणि शंभरातला एक भाग कमी व्हायला फक्त तीन अंश गार व्हावं लागतं.”

आईंनी थर्मामीटरकडं बघितलं. “तीन अंशाला दोन क्विंटल.”

“हो.”

“किती अंश उतरलं?”

“बारा.”

“आठ क्विंटल,” आई ताबडतोब म्हणाल्या. त्या चौथी शिकलेल्या, पण गणित माझ्यापेक्षा चलाख.

“तेवढं नसेल. मी आत आले तेव्हा थोडी हवा आली. भिंतीच्या फटीतूनही येत असेल.”

“मग पाच धर.”

“धरते.”

“पाच क्विंटल हलवायचं तर अप्पा आणि मल्लू आणि टेम्पोवाला पायजे. ते कधी येणार?”

“दोन वाजता.”

“आणि तवर अजून गार होणार.”

“हो.”

“म्हंजे अजून पोती चढणार.”

मी मनगटावर बघितलं. अकरा एकतीस. आणि हसू एकदम थांबलं. अकरा पंचेचाळीस झाले की ईश्वरी कधीही उठेल. त्याच आठवड्यात ती झोळीत कापड धरून उभं राहायला शिकली होती. खाली शहाबादी फरशी. दहा हातांवर चाळीस लिटर दूध उकळत. मशीनचं बटण बाहेर. माझा फोन बाहेर, चार्जिंगला. मी दारावर मुठी आपटायला लागले, “ईशू! ईशू!” म्हणून ओरडायला लागले, आणि मग लक्षात आलं की ओरडण्यानं ती उठेल. मी तोंडावर हात ठेवला. मग परत आपटलं. मग परत हात ठेवला.

“थांब,” आई म्हणाल्या. “थांब म्हणते ना. आज शिट्टी का वाजंना?”

मी दांडा उगाच पुन्हा दाबला.

“मिस्त्री म्हणाला होता, सगळा श्वास त्या भोकातनं. मग ते भोक काय करायलंय?”

आम्ही दोघींनी वर बघितलं. दाराच्या वर, छताच्या जरा खाली, पायपाचं तोंड. त्यातून कापडाचं एक टोक इंचभर आत आलेलं. हिरवं, लाल काठाचं. बाहेरच्या हवेनं लंगोट आत ढकलत आणला होता, पण तिथं तो बुचासारखा आवळून बसला होता.

ईश्वरीचे सगळे लंगोट आईंनी आपल्या जुन्या साड्यांचे शिवले होते. धुऊन धुऊन मऊ झालेल्या.

“ही माझी इरकल हाय,” आई हळूच म्हणाल्या. “मल्लूच्या वेळची.”

“आई, ती झोपत नव्हती हो,” मी म्हणाले. “शिट्टी वाजली की उठायची. मला एक तास पाहिजे होता. फक्त एक तास.” आणि मी रडायला लागले.

मला वाटलं आता ऐकायला मिळणार. बी.एस्सी. निघणार, माहेर निघणार. आई वर त्या टोकाकडं बघत होत्या. त्यांचे ओठ हलले, गाल थरथरले, आणि मग पोट धरून त्या जे हसायला लागल्या!

“माझ्याच लुगड्यानं मला कोंडलंस व्हय गं! दुकानात कुलूप मिळत न्हवतं?”

मला रडता रडता हसू फुटलं. हसताना पंख्याच्या बर्फगार झोतात तोंडातून वाफ यायला लागली, ती बघून आई आणखी हसल्या. “आगगाडी आली बघ कुर्डुवाडीची!” आम्ही दोघी भिंतीला धरून हसत होतो आणि माझा एक डोळा घड्याळावर होता. अकरा चौतीस.

“चढ,” आई म्हणाल्या.

“कुठं?”

“माझ्या डोक्यावर! खांद्यावर चढ. तुझा हात पोचंल.”

“तुमच्या अंगाला पाय लावू?”

“मग काय मी चढू? तू मोडशील मधोमध. चढ लवकर, नमस्कार नंतर कर.”

त्या भिंतीला हात लावून वाकल्या. मी त्यांच्या मांडीवर पाय ठेवला, मग पाठीवर, मग खांद्यांवर, “सॉरी आई, सॉरी आई” म्हणत. “मंत्र बंद कर,” आई खालून म्हणाल्या आणि भिंत धरून हळूहळू सरळ झाल्या. कढई उचलणारे खांदे ते. मी वर गेले.

कापडाचं टोक चिमटीत येत होतं पण सुटत होतं. पंख्याच्या झोतात बोटं गारठून लाकडं झाली होती. “सेफ्टी पिन!” मी ओरडले.

“बांगडीत हायेत. घे.” त्यांनी एक हात वर केला. त्यांच्या बांगडीत कायम चार-पाच पिना लटकलेल्या असतात. मी वाकून, छतावर एक हात टेकवून, तीन पिना सोडवल्या, एक मोठी पिन कापडात आरपार घातली, दुसरी तिच्यात अडकवली, तिसरीत बोट घातलं.

आणि तेवढ्यात माझ्या पायांना काहीतरी लागलं.

खोलीत वीस अंश झाले असतील, पण वर झोत थेट अंगावर. माझे दात वाजत होते. आणि माझे तळवे भाजत होते. आईंच्या खांद्यांतून तव्यातून यावी तशी धग येत होती, आणि पोलकं बघता बघता ओलं झालं. माझा एक पाय घामावरून घसरला.

“आई! तुम्हाला ताप आहे!”

“ताप न्हाई. वरचं बघ.”

“अहो भाजतंय मला! घाम सुटलाय तुम्हाला!”

“वरचं बघ म्हणते ना!” मग खालून, भिंतीशी बोलल्यासारखं: “आत्ता जाईल. येतंय नि जातंय. पोटातनं जाळ उठतो, मानंवर चढतो, डोक्यापर्यंत. दिवसातनं चार-पाच बारी. वर्ष झालं.”

मी पिनेत बोट घालून तशीच उभी.

“कुणाला सांगितलं नाहीत?”

“कुणाला सांगू? अप्पांना? काहीतरी मोठं असंल, म्हटलं. कळलं की दवाखाने फिरवतील. तू बाळंतीण. इथं येऊन उभं राह्यलं की बरं वाटतंय. पंख्याखाली. एवढंच.”

दहा मिनिटं. हात रिकामे. तोंड पुसत.

“आई,” मी वरून म्हणाले, “पाळी अनियमित झालीय का?”

“इथं इचारतीस हे?”

“सांगा ना.”

“सहा महिने आली न्हाई.”

“मग तेच आहे ते! पाळी जाताना होतं असं. कितीतरी बायकांना होतं. हा रोग नाहीये, आई. डॉक्टरीणबाई सांगतील काय करायचं ते. मरत नाही कुणी.”

खाली आईंनी भिंतीवरचा हात बदलला. मग, “पुस्तकात हाय व्हय हे?”

“आहे.”

“मग मेले, वर्षभर काय वाचत होतीस?”

लहान मुलांची पुस्तकं वाचत होते. शी पिवळी की हिरवी, ते वाचत होते.

“आणि एक,” आई म्हणाल्या. “गार झाल्यानं दार बसलं, तर गरम झाल्यावर सुटंल ना? माझा जाळ पुरायचा न्हाई का?”

मी एवढ्या जोरात हसले की दोघी हललो. आणि त्या हलण्यातच माझा तोल गेला, बोट पिनेत, सगळं वजन कापडावर, आणि पायपातून ‘फट्’ असा आवाज आला. लंगोट माझ्या तोंडावर. मी आईंच्या पाठीवरून घसरत खाली. तांब्या लवंडला. आणि वर ती शिट्टी! तीन दिवसांची साठलेली, लांबच लांब, कान फाडणारी, खोलीभर गरम वारा ओतणारी. तसली सुंदर शिट्टी मी आयुष्यात ऐकली नाही.

“आता!” आई म्हणाल्या.

“थांबा, पोट भरू दे तिचं.” मी दांड्यावर हात ठेवून उभी. शिट्टीत बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. बारीक झाली. आणखी बारीक. मग थांबली. मी दांडा दाबला, आणि दार एका बोटानं, अगदी सभ्यपणे, उघडलं.

दूध उतू जाऊन शेगडी विझलेली. पडवीभर गॅसचा उग्र वास. आणि ईश्वरी झोळीत उभी, दोन्ही मुठीत कापड, एक पाय बाहेर काढलेला, वर त्या पायपाकडं डोळे मोठे करून बघत. रडत नव्हती. शिट्टीनं उठली होती आणि शिट्टी कुठं गेली ते शोधत होती. मी धावले. तिनं मला बघितलं, हात सोडले, आणि पडली ती माझ्या हातांतच.

आईंनी आधी गॅसचं बटण बंद केलं, मग पडवीचं मोठं दार सताड उघडलं. बाहेरचं बेचाळीस अंशांचं ऊन आत आलं. आम्ही तिघी अंगणातल्या पायरीवर बसलो. मला थंडी वाजत होती, आईंचा घाम आटत होता, आणि ईश्वरी आईंच्या बांगडीतली उरलेली पिन तोंडात घालायला बघत होती. कुणाकडं बघून हसायचं ते कळेना, म्हणून आम्ही सगळ्यांकडं बघून हसलो. दोन वाजता टेम्पो आला तेव्हाही आमचं अधूनमधून चालूच होतं. अप्पा म्हणाले, “उन्हानं दोघी कामातनं गेल्या.” करपलेल्या दुधाबद्दल विचारलं तेव्हा आई म्हणाल्या, “हवेचा दाब कमी पडला.”

दुसऱ्या दिवशी मी आईंना घेऊन डॉक्टरीणबाईंकडं गेले. अप्पांना सांगितलं, ईश्वरीचं इंजेक्शन आहे. बक्षूमिस्त्रीला बोलावून पायपाला बाहेरून जाळी बसवून घेतली आणि ईश्वरीची झोळी माजघरात हलवली, जे पहिल्याच दिवशी करता आलं असतं. मिस्त्रीनं काही विचारलं नाही. लंगोट मात्र दोरीवर वाळत होता, पिनेच्या दोन भोकांचा. त्यानं तो बघितला आणि जाळीचे स्क्रू जरा जास्तच घट्ट पिळले.

रात्री मी वही उघडली. पानंच्या पानं. आई आत, आई बाहेर, मिनिटं, सगळं अचूक. चाळीस दिवसांच्या नोंदी. एवढं मोजलं, आणि एकदाही दाराशी जाऊन विचारलं नव्हतं. त्या दिवशीसुद्धा मी चोर पकडायलाच गेले होते. तसा संशय आला नसता तर मी भिंतीला टेकून बसले असते, ईश्वरी झोपली म्हणून, शिट्टी नाही म्हणून, आज किती शांत आहे म्हणून खूश. आणि आत त्या एकट्या. तासभर सहज लक्षात आलं नसतं. मी वहीत फुलं काढत बसले असते.

याला सात वर्षं झाली. ईश्वरी दुसरीत आहे, तिच्या पाठचा ओंकार आता रांगतो. आईंचा जाळ केव्हाच थांबला. मी वही अजून ठेवते, पण आईंचा रकाना त्यांनी स्वतःच भरायला घेतलाय: ‘सून माजघरात रडायली, चार मिनिटं. चहा दिला.’

आत्ता हे लिहिता लिहिता मी दोनदा उठून बघून आले, ओंकार श्वास घेतोय ना. ते माझं चालायचंच. पण तुम्हाला एक विचारू? तुमच्या घरातलं एखादं माणूस आहे का, जे अलीकडं सारखं उठून कुठल्यातरी खोलीत जातं, गच्चीवर जातं, न्हाणीघरात जरा जास्त वेळ लावतं, आणि आलं की म्हणतं, काही नाही, तांब्या ठेवायला गेले होते? आणि घर कसं छान शांत वाटतंय? मग हे खाली ठेवा आणि उठा. काय करतेस म्हणून दरडावू नका. दारावर टकटक करा आणि एवढंच विचारा, मी आत येऊ का. आलात, तर दार मात्र उघडं ठेवा.